हवालदार अकरा वेळा उतरला

हे मी स्वतःहून सांगते आहे याचं कारण एकच. मी सांगितलं नाही तर आत्या सांगेल. आणि आत्या तिखटमीठ न लावता सांगते, ते फार वाईट. तिखटमीठ लावलं की ऐकणाऱ्याला निदान संशय तरी येतो.

तेव्हा चहा घ्या आणि ऐका. फजिती माझीच आहे. पण साधीसुधी नाही, बी.ए. झालेल्या मुलीची फजिती आहे. न शिकलेल्या माणसाला ती जमलीच नसती.

आम्ही पिंपरीला आलो ते नानांच्या नोकरीमुळे. नाना म्हणजे माझे वडील. इथे औषधांचा नवा कारखाना निघाला, त्याच्या स्टोअरमध्ये नाना हेडक्लार्क झाले आणि आम्हाला वसाहतीत क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी आणि चारी बाजूंना बाजरी. पुण्यातल्या मैत्रिणी मला विचारतात, "तिकडे आहे तरी काय गं?" मी सांगते, "भोंगा आहे." सकाळी वाजतो, दुपारी वाजतो, संध्याकाळी वाजतो. मधल्या वेळात वारा.

क्वार्टरात एक गोष्ट मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडली. स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा होता. कमरेएवढा उंच, वर गुळगुळीत शहाबादी फरशी, शेजारी खिडकी. साताऱ्याला आमच्या जुन्या घरी चूल जमिनीवर, आणि चुलीपुढे बाईही जमिनीवर. जन्मभर उकिडवं बसायचं, धूर खायचा आणि उठताना 'आई गं' म्हणायचं. इथे म्हटलं, चला, स्वतंत्र भारतात बाई उभी राहिली.

पण बाई म्हणजे आमची आत्या. नानांची थोरली बहीण. मी चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून घर आत्याच्याच हातात आहे. तिने ओट्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हा काय दुकानाचा गल्ला?"

"आत्या, हा स्वयंपाकाचा ओटा आहे. उभ्याने स्वयंपाक करायचा."

"उभ्यानं? मी काय लष्करातला आचारी आहे?"

आणि तिने शेगडी खाली फरशीवर मांडली. मी चार महिने तिच्याशी वाद घातला. आरोग्य, श्वास, पाठीचा कणा, सगळं समजावलं. चार महिन्यांत माझ्या बोलण्याने जे झालं नाही ते तिच्या गुडघ्यांनी एका सकाळी केलं. ती बसली ती उठेचना. नानांनी आणि मी दोन्हीकडून धरून उभी केली. त्या दिवसापासून शेगडी ओट्यावर गेली. आणि त्या दिवसापासून ओटा असा आत्याचा झाला की मी त्यावर कोपर टेकलं तरी ती म्हणायची, "हात काढ. तिथे अन्न शिजतं."

आत्या सोवळ्यात स्वयंपाक करते. तुमच्या घरी असेल कुणी तसं, तर पुढचं सांगायला नको. नसेल तर एवढंच समजा की सकाळी आंघोळ केल्यापासून देवाला नैवेद्य होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही आणि तिनेही कशाला शिवायचं नाही. शिवलं तर पुन्हा आंघोळ. आणि आमच्या नळाला पाणी सकाळचं दोन तास. त्यामुळे आमच्या घरात सोवळं मोडणं हा धर्माचा प्रश्न कमी आणि पाण्याचा जास्त.

या घरात मी कुत्रा आणला.

रावेतहून धोंडीबा दूध घालायला येतात. सायकलच्या दोन्ही बाजूंना किटल्या, डोक्याला मुंडासं. त्यांच्या मळ्यावरच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. मी सहज म्हटलं, "किती गोड असतील." दुसऱ्या दिवशी किटलीच्या शेजारी पिशवीतून एक तोंड बाहेर आलेलं होतं. तांबूस अंग, एक कान उभा, एक पडलेला. आत्या म्हणाली, "हे उद्या परत जाईल." नाना म्हणाले, "बघू." नानांचं 'बघू' म्हणजे 'हो'च असतं, फक्त आत्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हटलेलं.

भोंगा झाला की हे पिल्लू फाटकाशी जाऊन ताठ उभं राहायचं आणि कामगार मोजल्यासारखं प्रत्येकाकडे बघायचं. म्हणून त्याचं नाव पडलं हवालदार.

सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी हवालदारला लोण्याचा वास आला.

आत्या ताक करून लोण्याचा गोळा ओट्यावर ठेवून मागे वळली होती. ओट्याला लागून तांदळाचा पत्र्याचा डबा असतो. हवालदार डब्यावर चढला, डब्यावरून ओट्यावर गेला, आणि आत्या वळून बघते तर तो देवाच्या नैवेद्याशेजारी बसून तोंड पुसत होता.

आत्या ओरडली नाही. ती जोरात कधीच बोलत नाही. ती लांब सरकून भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "नले, तुझा पाहुणा जेवायला बसलाय."

ओटा तीनदा धुतला. आत्याची दुसरी आंघोळ झाली. नैवेद्य पुन्हा केला. नानांना त्या दुपारी वेळेवर जेवण मिळालं नाही, ते कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले की जेवण बरं होतं. हे त्यांनी म्हणायला नको होतं.

आत्याने निकाल दिला. "पुढच्या रविवारी धोंडीबा येतील तेव्हा ते जनावर त्यांच्याबरोबर मळ्यावर जाईल. या आठ दिवसांत त्याचं ओट्यावर चढणं थांबलं, तर राहील. नाहीतर मी सांगायचं ते सांगितलं."

आता इथे लक्षात घ्या, हवालदार माझा होता. मी त्याला चमच्याने दूध पाजलं होतं. माझे नोकरीचे अर्ज चार शाळांत पडून होते आणि एकाचंही उत्तर नव्हतं. दिवसभर घरात मला 'लग्नाचं काय' न विचारणारं तेवढं एकच होतं. तो मळ्यावर गेला असता तर मी काय केलं असतं, याचा विचार मला करायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी धोंडीबांना ही हकीगत कळली. ते मागच्या दाराशी दूध मापता मापता म्हणाले, "ताई, सोपं हाय. त्येला आत येऊच द्यायचं न्हाई. उंबऱ्याबाहेर बसवायचं. बसला की तितंच एक तुकडा टाकायचा. आत पाय टाकला की काय बी न्हाई. कुत्र्याला उंबरा लगेच कळतो बघा."

आत्या आतून म्हणाली, "मी तेच म्हणते. शेवटची पोळी कुत्र्याचीच असते. ती मी त्याला उंबऱ्याबाहेर देते, तिथेच देत जाईन."

मी हसले. मला हसायला येतं अशा वेळी, वाईट सवय आहे. मी म्हटलं, "धोंडीबा, ही जुनी पद्धत झाली. यानं त्याची मूळ प्रवृत्ती बदलत नाही."

"कोन बदलत न्हाई?"

"प्रवृत्ती."

धोंडीबांनी आत्याकडे बघितलं. आत्याने दुधाचं पातेलं आत घेतलं. "चालू द्या तिचं," ती म्हणाली, "मानसशास्त्र घेतलं होतं तिनं."

घेतलं होतं. आणि दुसऱ्या वर्गात पास झाले होते. एका रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्याला घंटा ऐकवून काय काय शिकवलं हे आम्हाला सबंध एक प्रकरण होतं. आमच्या घरात घंटा एकच, देवघरातली, आणि ती आत्याच्या ताब्यात. म्हणून मी घंटा वगळली. मूळ तत्त्व घेतलं. तत्त्व असं: शिक्षा करायची नाही, चांगल्या वागण्याला बक्षीस द्यायचं. हवालदार ओट्यावरून खाली उतरला की त्याला खाऊ द्यायचा. म्हणजे उतरणं ही गोष्ट त्याला आवडू लागेल.

आलं लक्षात? आलं असेल तर गप्प बसा. मला आठ दिवस आलं नाही.

चिंचवडच्या बेकरीतून मी नानकटाई आणली. आत्या बेकरीच्या पदार्थाला हात लावत नाही, त्यात अंडं असतं असा तिचा संशय आहे, म्हणून नानकटाई मी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायचे. एक वही केली. पानावर रेघा आखल्या. वार, वेळ, आज्ञा, परिणाम. शेवटच्या पानावर आलेख.

सोमवारी सकाळी हवालदार लोण्याच्या आशेने पुन्हा ओट्यावर गेला. आत्या सोवळ्यात, तिला त्याला हात लावता येईना. तिने हाक मारली, "नले, उतरव त्याला." मी पुढच्या खोलीतून धावत आले. शांतपणे म्हटलं, "हवालदार, खाली." पदराची गाठ सोडली. तो खाली उतरला. मी नानकटाईचा तुकडा दिला. वहीत लिहिलं: आज्ञा एक, पालन एक.

मंगळवारी चार वेळा. चारही वेळा पहिल्या हाकेला उतरला.

बुधवारी सात.

गुरुवारी अकरा.

संध्याकाळी नाना कामावरून आले तेव्हा मी वही त्यांच्यापुढे धरली. "नाना, बघा. आज हवालदारने अकरा वेळा आज्ञा पाळली. सोमवारी फक्त एकदा."

नानांनी चष्मा लावून वही वाचली. स्टोअरची रजिस्टरं वाचतात तशी, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. "अक्षर छान आहे," ते म्हणाले.

आत्या कोपऱ्यात वाती वळत होती. तिने मान वर न करता विचारलं, "अकरा वेळा उतरला?"

"हो."

"म्हणजे अकरा वेळा…"

"आत्या, आकड्यांत तू पडू नकोस. आलेख बघ. सारखा वर चाललाय."

"तेच म्हणते मी," आत्या म्हणाली. "सारखा वर चाललाय."

मी वही मिटली. या घरात सुशिक्षित माणसाशी बोलायला कुणी नाही, असं मला त्या वेळी वाटलं होतं. मी हे इथे सांगितलं नाही तरी चाललं असतं, पण आत्या हा भाग गाळत नाही.

तरी रात्री पडल्या पडल्या मलाही एक प्रश्न पडला. उतरण्यात एवढी प्रगती आहे, तर हा चढतो का? लोणी तर आत्या आता फडताळात ठेवते. ओट्यावर त्याच्यासाठी काही नसतं. मग तो कशासाठी जातो?

आणि मला उत्तर सापडलं. कुणीतरी त्याला वर बोलावत होतं.

कुणाला हवं होतं हवालदारने ओट्यावर चढावं? ज्याला तो रविवारी घरातून जायला हवा होता त्याला. आणि ते कोण, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी अंधारात आत्याच्या अंथरुणाकडे बघितलं. ती शांत झोपली होती. कट करणारी माणसं शांत झोपतात असं मी वाचलं होतं.

शुक्रवारी मी तपासाला लागले.

प्रथम पुरावा. तांदळाच्या डब्याच्या झाकणावर मला नानकटाईचा चुरा सापडला. आता आत्या नानकटाईला शिवत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. त्यामुळे हा चुरा माझ्या तर्कात बसेना. म्हणून मी तो झटकून टाकला.

त्याच दुपारी नानांनी जेवायला आल्यावर न बोलता डबा उचलून दाराच्या मागे नेऊन ठेवला. "आता चढेल कशावरून?" ते म्हणाले. साधा माणूस आहे. मी त्यांना समजावलं की हा वरवरचा उपाय झाला, डबा हलवून कुत्र्याचं मन हलत नाही. नाना म्हणाले, "मन राहू दे त्याच्यापाशी." ते कामावर गेले. अर्ध्या तासाने हवालदारने मोरीपासून धाव घेतली आणि डब्याशिवाय थेट ओट्यावर उडी मारली. पूर्वी त्याला डबा लागायचा. मी त्याला खाली बोलावलं, नानकटाई दिली आणि वहीत लिहिलं: शरीरयष्टी सुधारत आहे.

शनिवारी सकाळी, आत्या आंघोळीला गेली तेव्हा, मी ओट्यापुढच्या सगळ्या जमिनीवर रांगोळी चाळणीने भुरभुरवली. बारीक, सारखी. जो कुणी ओट्यापाशी जाऊन हवालदारला वर बोलावेल त्याचं पाऊल त्यात उमटणार. मग पुढच्या खोलीत जाऊन पुस्तक उघडून बसले.

पाच मिनिटांत आत्याची हाक आली. "नले, हा वर आहे आणि मी मोरीच्या दारात ओली उभी आहे."

मी धावले. "हवालदार, खाली." उतरला. नानकटाई दिली. आत्याला जायला वाट म्हणून एका कडेची रांगोळी पुसली, आणि मग वाकून बाकीची बघितली. पावलं होती. हवालदारची चार पंजांची ओळ, आणि तिच्याशेजारी, ओट्याच्या अगदी पुढ्यात, माणसाची दोन पावलं. स्पष्ट. बोटांसकट.

तुम्ही हसताय. हसा. मला आनंद झाला होता.

मी कागद घेऊन पावलाची आकृती काढली. दोऱ्याने लांबी मोजली. मग आत्याची ओली पावलं मोरीपासून देवघरापर्यंत फरशीवर उमटली होती, त्यांच्याशी दोरा लावून बघितला. जुळेना. आत्याचं पाऊल आखूड आणि रुंद.

"काय शोधतेस जमिनीवर?" आत्याने देवघरातून विचारलं.

"काही नाही. तू निर्दोष आहेस."

"बरं झालं," आत्या म्हणाली आणि पूजेला लागली.

मग मी नानांकडे गेले. ते पायात चपला घालत होते. मी म्हटलं, "नाना, जरा उजवा पाय." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. चपलेतून पाय काढून पुढे केला. इतकी वर्षं वरिष्ठांखाली नोकरी केली की माणसाला सवय होते. दोरा दोन बोटं कमी पडला. नाना सुटले.

उरले कोण? धोंडीबा. आणि तेव्हा सगळं माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. मळ्याला राखणीला कुत्रा हवा. वाढवलेला, खाऊन पिऊन धडधाकट झालेला. फुकट द्यायचा पिल्लू असताना आणि परत न्यायचा मोठा झाल्यावर. माणूस रोज मागच्या दाराशी येतो, आत्याची पाठ वळली की आत पाऊल टाकतो, हवालदारला ओट्यावर बसवतो. धोंडीबा वहाणा घालतात आणि रांगोळीतलं पाऊल अनवाणी होतं, पण वहाणा दाराबाहेर काढता येतात. मी सगळ्याचा विचार केला होता.

रविवार उजाडला. नानांना सुट्टी. आत्या सोवळं नेसून ओट्यापाशी. हवालदार दाराबाहेर, उंबऱ्यावर हनुवटी टेकून. धोंडीबा दूध घालून थांबले होते. हातात काथ्याची दोरी.

ती दोरी बघितली आणि माझा ताबा गेला.

मी पायरीवरूनच सगळ्यांना मागच्या दाराशी बोलावलं आणि वही, आकृती, दोरा, सगळं मांडलं. मी कॉलेजात वादविवाद स्पर्धेत बोलत असे, तशी बोलले. म्हटलं, या घरात एका मुक्या जनावरावर अन्याय होतो आहे. माझी पद्धत यशस्वी झाली आहे, वही साक्षीला आहे. तरीही तो चढतो, कारण त्याला चढवलं जातं. आणि ज्याने चढवलं त्याच्या पावलाचा ठसा माझ्याजवळ आहे.

आणि मी कागद धोंडीबांपुढे धरला. "धोंडीबा, तुमचा पाय दाखवा."

धोंडीबांनी कागद घेतला. उजेडाकडे धरला. त्यांचा जन्म रानात माग काढण्यात गेलेला. कोल्हा कुठून आला, चोर कुठून गेला, सगळं त्यांना मातीवर वाचता येतं. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग खाली बघितलं. माझ्या पायांकडे.

"ताई," ते म्हणाले, "अंगठ्याशेजारचं बोट लांब हाय ह्येचं."

"बरोबर. म्हणून तर सापडेल."

"तुमचं बी लांब हाय."

मी खाली बघितलं. माझंही लांब होतं. दोरा हातात होता. मी वाकले आणि मोजलं. वाकायला नको होतं, पण वाकले.

नाना खिडकीतून बाहेर बघू लागले.

"पण मी तिथे फक्त त्याला उतरवायला जाते," मी म्हटलं. "मी गेले की तो उतरतो. त्याने काय सिद्ध होतं?"

आत्याने शेगडीवरची कढई उतरवून ठेवली. "नलू," ती म्हणाली. ती मला नले म्हणते, नलू म्हणाली की समजायचं, आता ऐकायचं. "तू जरा पलीकडे जाऊन उभी राहा. खिडकीतून बघ. बोलू नकोस."

"कशाला?"

"तुमच्यात प्रयोग करतात ना? मग कर."

मी घराला वळसा घालून खिडकीबाहेर बाजरीच्या कडेला जाऊन उभी राहिले. आत आत्या पोळ्या लाटत होती. नाना पाटावर बसले होते. धोंडीबा पायरीवर. हवालदार उंबऱ्यावर. एक पोळी झाली. दुसरी झाली. तवा धुरावला. हवालदारने जांभई दिली. आठवी पोळी झाली, बारावी झाली. लोण्याचं भांडं आत्याने मुद्दाम फडताळातून काढून ओट्यावर उघडं ठेवलं. हवालदारने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा हनुवटी उंबऱ्यावर टेकली. शेवटची पोळी झाली. आत्याने ती दुरूनच त्याच्यापुढे टाकली. त्याने ती बसल्या जागी खाल्ली.

उन्हात माझ्या कपाळावर घाम आला होता. सगळा उन्हाचा नव्हता.

"आता आत ये," आत्या म्हणाली.

मी आले. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं.

हवालदार उठला. अंग झटकलं. मोरीपर्यंत मागे गेला, धाव घेतली आणि टणकन ओट्यावर. तिथे ताठ बसला. मी तोंड उघडायच्या आत, 'खाली' म्हणायच्या आत, स्वतःच खाली उतरला. माझ्यापुढे येऊन बसला आणि माझ्या पदराच्या टोकाकडे बघू लागला.

मी हलले नाही. त्याला वाटलं आपलं काही चुकलं असेल. तो पुन्हा वर गेला. पुन्हा उतरला. या वेळी जरा जास्त व्यवस्थित. पुन्हा पदराकडे बघितलं.

बाजरीतून वारा येत होता.

धोंडीबांनी मुंडासं मागे सारलं. "लई गुणी जनावर हाय," ते म्हणाले. "आमच्या मळ्यावर असलं कधी झालं न्हाई. ह्येला कुनी शिकवलं ओ?"

नाना म्हणाले, "आमच्या मुलीनं. बी.ए. आहे ती."

नाना माझ्या बाजूने बोलले, की विरुद्ध, हे मला अजून कळलेलं नाही. मी विचारलेलंही नाही.

धोंडीबांनी दोरीची गुंडाळी सोडली. "चला मग. न्हेऊ का ह्येला? असला हुशार कुत्रा हाय, मेंढरांमागं कामाला येईल."

मी हवालदारकडे बघितलं. वही हातात होती, पण ती आता दुसऱ्याच बाजूची साक्षीदार झाली होती. अकरा म्हणजे अकरा वेळा चढला, आणि अकराही वेळा मीच त्याला त्याबद्दल खाऊ दिला. मी एवढंच म्हटलं, "आत्या."

फक्त 'आत्या'. पुढे वाक्य नव्हतं. माझ्या आयुष्यात वाक्याशिवाय थांबण्याची ती पहिली वेळ असावी, कारण आत्यानेही मान वळवून बघितलं.

"दोरी ठेवा, धोंडीबा," ती म्हणाली. "कुत्र्याचा काय दोष? शिकवलं ते शिकला. मी बोलले होते ओट्यावर चढणं थांबलं तर राहील. थांबलंच आहे की. मी एकटी असले तर तो उंबरा ओलांडत नाही. ही पदराला गाठ मारून घरात असली, पुढच्या खोलीत का असेना, तरच चढतो. आणि दुपारी मला त्याची सोबत होते. तू कामावर," हे नानांना, "आणि ही घरात असून पुस्तकात."

"मग त्येनं चढू नये म्हनून काय करायचं?" धोंडीबांनी विचारलं.

आत्याने माझ्याकडे बघितलं. मग नानांनी बघितलं. मग धोंडीबांनी. हवालदार आधीपासूनच बघत होता.

"जे आत आलं की तो चढतो," आत्या म्हणाली, "ते आत येऊ द्यायचं नाही."

तर असा निकाल झाला. कुत्रा घरात राहिला, माझ्या पदराची गाठ सुटली आणि मला स्वयंपाकघर बंद झालं. तुम्ही म्हणाल, अगं, शिकलेल्या मुलीला आणखी काय हवं, मिरव की. मीही तेच म्हटलं. पहिले दोन दिवस मी मोठ्या तोऱ्यात पुढच्या खोलीतून हाक मारली, "आत्या, चहा." चहा आला नाही. तिसऱ्या दिवशी मी उंबऱ्यापाशी जाऊन वाद घातला. चहा आला नाही. चौथ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. मी उंबऱ्याबाहेर हवालदारच्या शेजारी जाऊन मुकाट्याने बसले, तेव्हा आतून कप आला.

आता रोज आम्ही दोघं तिथेच बसतो. आवाज करत नाही. आत्या आधी त्याला पोळी देते, मग मला चहा. धोंडीबा म्हणाले होते, उंबरा लगेच कळतो. हवालदारला तो एका दिवसात कळला. मला चार लागले.